‘नैसर्गिकवाली द्या’: साखरेला पर्याय निवडताना

परवा आमच्या मेडिकलवर एक आप्पा आले. गावाकडून सकाळच्या एसटीने आलेले, हातात रक्ताचा ताजा रिपोर्ट. समोरच्या रॅकमधल्या दोन डब्या त्यांनी काउंटरवर मांडल्या आणि विचारलं, "ताई, यातली बिनकेमिकलची कोणती? नैसर्गिकवाली द्या." एका डबीवर हिरवं पान छापलेलं, दुसरीवर नुसतं गोळ्यांचं चित्र. पानाची डबी जवळजवळ तिप्पट महाग.

मी दोन्ही डब्या उलट्या केल्या आणि मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली. पानाच्या डबीत पहिलं नाव होतं माल्टोडेक्स्ट्रिन. स्टिव्हियाचं, म्हणजे गोड पानांच्या एका झाडाचं, नाव त्यानंतर. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते आधी. माल्टोडेक्स्ट्रिन ही मक्यासारख्या पिष्टमय पदार्थापासून कारखान्यात तयार केलेली पावडर. तिने रक्तातली साखर चांगलीच वाढते. एका पुडीत ती ग्रॅमभरच असते, तेवढ्याने आप्पांचं काही बिघडणार नव्हतं. पण ज्या डबीला ते पानांची डबी समजत होते, तिच्यात पानाचा अंश अगदी चिमूटभर होता.

हा प्रश्न मला दिवसातून दोन-तीनदा ऐकायला मिळतो. घरटी एक तरी माणूस ‘शुगर’चा, अशी आता आमच्याकडची स्थिती आहे. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा देशभराचा अभ्यास 2023 मध्ये आला, त्यात भारतात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज होता. एवढ्या लोकांना चहात काय घालायचं हे ठरवायचंय, आणि बहुतेक जण ते ‘नैसर्गिक की केमिकल’ या एकाच मापाने ठरवतात. या मापाने माझ्या घरातही नुकसान केलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

माझ्या आईला शुगर निघाली तेव्हा तिने दुसऱ्याच दिवशी साखरेचा डबा माळ्यावर टाकला आणि गुळाची ढेप आणली. "साखर नको माय, गूय टाक. गूयघाई काही व्हत नही," म्हणजे गुळाने काही होत नाही, हे तिचं म्हणणं. सहा महिने ती मनापासून पथ्य पाळत होती आणि एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) साडेसातवरून साडेआठच्या वर गेलं. साखर असताना ती कपात दीड चमचा घालायची. गूळ सुरू झाल्यावर खडा मोठा पडायला लागला, कारण गूळ चांगला. मी मेडिकल चालवते आणि माझ्याच घरात हे सहा महिने माझ्या लक्षात आलं नाही, याची मला अजून रुखरुख आहे.

गूळही उसाच्या रसाचाच. साखर करताना मळी वेगळी काढतात, गुळात ती राहते, म्हणून रंग आणि चव. पण गुळाचा बहुतेक भाग सुक्रोज म्हणजे साखरच आहे. चहाच्या चमचाभर (5 ग्रॅम) साखरेत 20 कॅलरी, तेवढ्याच गुळात एखादी कमी. लोह असतं, पण चहातल्या खड्यातून मिळणारं लोह नगण्य. त्यासाठी मेथी-शेपूची भाजी खावी. मध बघा. त्यात पाचात चार भाग साखरच असते, फक्त ती ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा सुट्या रूपात. मध जड असल्याने चमचाभर मध 7 ग्रॅम भरतो, म्हणजे कॅलरी साखरेच्या चमच्याइतक्या. (वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, बोटुलिझम या जिवावरच्या विषबाधेचा धोका असतो. आजी कितीही म्हणाली तरी नाही.) खजुराची बर्फी ‘साखर न घातलेली’ म्हणून विकतात, खजुराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग साखर आहे. ब्राऊन शुगर म्हणजे मळी लावलेली साखर. सातपुड्यातली मोहाची फुलं तर कुठल्याही कारखान्याचं तोंड न बघता झाडाखाली पडतात. त्यांच्यात इतकी साखर असते की ती आंबवून दारू गाळता येते.

म्हणजे ‘नैसर्गिक’ या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र बसल्या आहेत. गूळ, मध, खजूर या साखरेच्याच बहिणी, रक्तात साखर म्हणूनच पोचणाऱ्या. स्टिव्हिया किंवा मंक फ्रूट (एक चिनी फळ) हे मात्र वनस्पतीतून काढलेले, पण साखर नसलेले पदार्थ. आईने पहिल्या गटातली वस्तू घेतली आणि गुण दुसऱ्या गटाचे धरले.

साखर नसताना गोड कसं लागतं, हे समजलं की पुढचं सोपं जातं. जिभेवरच्या चवीच्या पेशींवर गोडाचं एक कुलूप असतं. साखर ही त्याची किल्ली. पण हे कुलूप काही फार पक्कं नाही, दुसऱ्याही किल्ल्या त्यात बसतात, आणि काही तर इतक्या घट्ट बसतात की अगदी थोड्या कणांनी भरपूर गोडी जाणवते. अस्पार्टेम साखरेच्या सुमारे 200 पट गोड, सुक्रालोज 600 पट, सॅकरिन 300 ते 400 पट, स्टिव्हियाचा शुद्ध अर्क 200 ते 300 पट. इतकं थोडं लागतं म्हणून त्याच्या कॅलरी हिशोबात धरण्याजोग्या नसतात. यातल्या काही किल्ल्या शेजारचं कडूचं कुलूपही उघडतात. म्हणून सॅकरिन आणि स्टिव्हिया घशाशी कडसर लागतात. लहानपणी यात्रेत बर्फाचा गोळा खाताना शेवटी जीभ कडू व्हायची, ती बहुधा सॅकरिनचीच करामत.

आता या किल्ल्यांच्या जन्मकथा बघा, म्हणजे नैसर्गिक आणि कृत्रिम यांच्यातली रेघ किती पुसट आहे ते दिसेल. सॅकरिन 1879 मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सापडलं. फालबर्ग नावाचा रसायनशास्त्रज्ञ डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांवर काम करत होता. जेवताना त्याच्या हाताला लागलेलं काहीतरी गोड लागलं. सुक्रालोजची गोष्ट मला जास्त जवळची, कारण त्यात आपला माणूस आहे. 1976 मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस साखरेच्या रेणूला क्लोरिन जोडून नवे पदार्थ बनवत होते. त्यांना एक पावडर ‘टेस्ट’ करायला, म्हणजे तपासायला सांगितलं गेलं, त्यांनी ते ‘टेस्ट’ म्हणजे चव घेणं असं ऐकलं, आणि जिभेवर ठेवली. साखरेच्या रेणूत तीन जागी क्लोरिन बसवलं की शरीराला तो ओळखता येत नाही आणि बहुतेक भाग तसाच बाहेर टाकला जातो. म्हणजे सुरुवात साखरेपासून, शेवट प्रयोगशाळेत. याला काय म्हणाल?

स्टिव्हिया मूळची पॅराग्वेची. तिथले ग्वारानी लोक तिची पानं पूर्वापार वापरत आले. आपल्याकडे नर्सरीत ती गोड तुळस म्हणून मिळते. पण डबीतली पांढरी पावडर म्हणजे वाटलेलं पान नव्हे. पानं पाण्यात भिजवायची, तो अर्क गाळून-शुद्ध करून, अल्कोहोलमधून स्फटिक काढायचे, एवढं झाल्यावर ती तयार होते. आता काही ठिकाणी तेच गोड घटक यीस्टकडून टाकीत बनवून घेतात, पान लागतच नाही. भारतात 2015 मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने परवानगी दिली ती या शुद्ध अर्काला, म्हणजे स्टिव्हिऑल ग्लायकोसाइड्सना. सुरक्षिततेची मर्यादाही त्याचीच ठरलेली आहे, कच्च्या पानाची नाही. मला स्टिव्हिया आवडते, मी ती सुचवतेही. फक्त पानाच्या चित्राचे पैसे मोजू नका.

मग भीती कशाची धरायची? अस्पार्टेमबद्दल सगळ्यात जास्त विचारतात, "त्याने कॅन्सर होतो ना?" जुलै 2023 मध्ये कर्करोगावर काम करणाऱ्या आयएआरसी या संस्थेने अस्पार्टेमला ‘2बी’ गटात टाकलं. त्या गटाचा अर्थ ‘कदाचित कर्करोगकारक, पुरावा अपुरा’ असा. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. त्याच वेळी अन्नातल्या मिश्रणांचं प्रमाण ठरवणाऱ्या समितीने सगळा पुरावा तपासून जुनी मर्यादा कायम ठेवली: रोज शरीराच्या दर किलो वजनामागे 40 मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला 2400 मिलिग्रॅम. डाएट कोल्ड्रिंकच्या एका कॅनमध्ये 200 ते 300 मिलिग्रॅम असतं, म्हणजे रोज आठ-बारा कॅन. चहातल्या दोन-तीन गोळ्या त्या मर्यादेच्या आसपासही जात नाहीत. सॅकरिनने 1970 च्या दशकात उंदरांच्या मूत्राशयात गाठी झाल्या होत्या, पण ती प्रक्रिया उंदरांच्या शरीरापुरती आहे असं नंतर कळलं आणि 2000 मध्ये अमेरिकेने त्याला संशयितांच्या यादीतून काढलं.

अस्पार्टेमला एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. फिनाइलकीटोन्यूरिया नावाचा जन्मजात आजार असलेल्यांनी ते अजिबात घ्यायचं नाही, डब्यावर तसं छापलेलं असतं. गरोदरपणात सॅकरिन टाळायला सांगतात. आणि लहान मुलांना यातलं काहीही रोज द्यायची गरज नाही.

कॅन्सरपेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त विचारात घ्यावीशी वाटते. मे 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की वजन कमी करण्यासाठी या पर्यायांवर विसंबू नका, दीर्घकाळात त्याने वजन उतरतं असं दिसत नाही. त्यात अस्पार्टेम, सुक्रालोजबरोबर स्टिव्हियाही होती. पानाला सूट नव्हती. ही सूचना आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती, हेही नीट वाचायला हवं. 2022 मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी 120 निरोगी माणसांना वेगवेगळे पर्याय देऊन पाहिले. सॅकरिन आणि सुक्रालोज घेणाऱ्यांच्या शरीराचा साखर हाताळण्याचा वेग थोडा बिघडला आणि आतड्यातले जीवाणूही बदलले, पण माणसागणिक फरक खूप होता. म्हणून मी म्हणते, घ्या, पण औषधाच्या मापात घ्या. गोळी घातली म्हणून दिवसाला सात चहा नकोत.

तिसरी एक जात आहे, तिच्याबद्दल लोक विचारत नाहीत आणि तीच पोट बिघडवते. माल्टिटॉल, सॉर्बिटॉल, झायलिटॉल, एरिथ्रिटॉल. नावाच्या शेवटी ‘टॉल’ आलं की समजा शुगर अल्कोहोल. दारूशी संबंध नाही. दिवाळीत ‘शुगर फ्री’ काजूकतली मिळते तिच्यात बहुतेक वेळा माल्टिटॉल असतं. त्याच्या ग्रॅमला साधारण 2 कॅलरी, साखरेच्या निम्म्या, आणि रक्तातली साखर तो कमी प्रमाणात का होईना, वाढवतो. चार-पाच वड्या खाल्ल्या तर पोटात गुडगुड आणि जुलाब. काजू, तूप यांच्या कॅलरी तर कुठे जात नाहीत. एरिथ्रिटॉलने पोट कमी बिघडतं, कॅलरी जवळपास नाहीत, दातही किडत नाहीत. पण 2023 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांना असं आढळलं की ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉल जास्त, त्यांच्यात हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघाताचं प्रमाण जास्त. आपलं शरीरही थोडं एरिथ्रिटॉल बनवतं, त्यामुळे दोष खाण्याचा की शरीरातल्या बिघाडाचा हे अजून सुटलेलं नाही. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला मी ते सुचवत नाही.

आता स्वयंपाकघरात येऊ, कारण खरी निवड तिथे होते. दोन वर्षांपूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही बहिणी माहेरी जमलो आणि ठरवलं, यंदा आईसाठी बिनसाखरेचे मांडे, म्हणजे खापरावरच्या मोठ्या पुरणपोळ्या. पुरण शिजत असताना मी अस्पार्टेमच्या गोळ्या कुटून घातल्या. चाखलं तर फिक्कं. उष्णतेने अस्पार्टेमचा रेणू तुटतो आणि गोडी जाते, हे मी परीक्षेत लिहून पास झाले होते. दुसऱ्या घाण्याला स्टिव्हिया घातली. गोडी टिकली, मागून ज्येष्ठमधासारखी चव आली, तेवढी चालली असती. पण पुरण भुसभुशीत झालं, वाळूसारखं. मावशीने पोळी हातावर घेऊन फिरवत मोठी करायला सुरुवात केली आणि ती कोपरापाशी फाटली. खापर तापलेलं, चूल पेटलेली, आणि एकही मांडा धड उतरेना.

त्याचं कारण हिशोबात आहे. किलो डाळीला आपण किलोभर गूळ घालतो. तेवढीच गोडी आणायला स्टिव्हियाचा शुद्ध अर्क 4 ग्रॅम पुरतो. उरलेले 996 ग्रॅम कुठून आणायचे? गूळ वितळतो, पाणी धरून ठेवतो, डाळीचा कण कणाला चिकटवतो, आणि म्हणूनच पुरण कणकेबरोबर ताणलं जातं. पर्यायी पदार्थ गोडी देतात, गुळाचं बाकी काम करत नाहीत. त्यामुळे यांचा पाक होत नाही, आणि कैरीचा मुरांबा टिकत नाही, कारण तिथे साखर जंतूंचं पाणी ओढून घेऊन तो राखते. चहा, ताक, लिंबूपाणी, दूध यांत मात्र कोणताही पर्याय चालतो. उकळत्या चहात अस्पार्टेम टाकू नका, कपात ओतल्यावर टाका. खिरीसारख्या शिजणाऱ्या पदार्थाला स्टिव्हिया बरी. सुक्रालोजही शिजवताना टिकतं, पण भट्टीत भाजायच्या किंवा तळायच्या पदार्थात नको. 120 अंशांच्या वर त्याच्यातून हानिकारक क्लोरिनयुक्त पदार्थ बनू शकतात, असा इशारा जर्मनीच्या सरकारी संस्थेने 2019 मध्ये दिला होता.

त्या आखाजीला शेवटी आईने रशीभात (तिखट आमटी आणि भात) खाल्ला आणि गुळाच्या मांड्याचा चतकोर, आमरसाशिवाय. आता दरवर्षी तेच करतो. तेवढा चतकोर ती फार हळू खाते.

केळीबद्दल सांगितल्याशिवाय जळगाव जिल्ह्यातला माणूस थांबणार कसा? केळीच्या बागेत राहून केळ्याला हात न लावणारे, आणि गुळाचा चहा चारदा पिणारे कितीतरी लोक मला माहीत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने ‘मोकळी साखर’ रोजच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत, आणि जमलं तर पाच टक्क्यांवर, म्हणजे साधारण 25 ग्रॅमवर ठेवायला सांगितलंय. त्या मोजणीत साखर, गूळ, मध, फळांचा रस येतो. अख्खं फळ येत नाही, कारण त्यातली साखर चोथ्यात बांधलेली असते. चार कप चहात दोन-दोन चमचे म्हणजे 40 ग्रॅम, हद्द तिथेच संपली. अर्ध्या पिवळ्या केळ्याची भीती धरण्याआधी तो चहा बघा. फार पिकून ठिपके पडलेलं केळं मात्र टाळा, त्यात पिष्टाची साखर होऊन गेलेली असते.

मग आप्पांना मी काय दिलं? साधी सुक्रालोजची गोळी, स्वस्तातली. त्यांना चहाशिवाय दुसरं काही गोड करायचं नव्हतं, किडनी-हृदयाची तक्रार नव्हती, आणि पानाची महाग पुडी महिन्याभराने परवडेनाशी होऊन ते परत गुळावर गेले असते. त्यांना कडसर चव चालली असती आणि खिशात पैसे असते तर माल्टोडेक्स्ट्रिन नसलेला स्टिव्हियाचा थेंबांचा अर्क दिला असता. त्याबरोबर आईवर केलेला प्रयोगही सांगितला: दर पंधरा दिवसांनी कपातली गोडी पाव चमच्याने कमी करत जायची. जिभेला सवय लागायला दोन-तीन आठवडे पुरतात. आई आता गोळीही घालत नाही, फिका चहा पिते, आणि कुणी दोन चमचे घातलेला चहा दिला तर कप खाली ठेवते. डबीवर नाव लहान अक्षरात असेल तर आकडे शोधा: 950 म्हणजे एसेसल्फेम-के, 951 अस्पार्टेम, 954 सॅकरिन, 955 सुक्रालोज, 960 स्टिव्हिया, 965 माल्टिटॉल, 968 एरिथ्रिटॉल. हा कागद मी काउंटरच्या काचेखाली ठेवलाय, लोक फोटो काढून नेतात.

आप्पा निघाले तेव्हा त्यांची औषधाची चिठ्ठी पुन्हा बघितली. ग्लिमेपिराइड आणि व्हॉग्लिबोज, मधुमेहाची दोन्ही औषधं. मी त्यांना परत बोलावलं. ग्लिमेपिराइडने कधी कधी साखर फार खाली जाते, घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी गोळी घातलेला चहा पिऊन काही होणार नाही, तिच्यात साखरच नाही. आणि व्हॉग्लिबोज घेणाऱ्याला साधी साखर किंवा गूळही लवकर उपयोगी पडत नाही, कारण ते औषध आतड्यात साखर फोडूच देत नाही. त्याला थेट ग्लुकोजच लागतं: तीन चमचे, म्हणजे 15 ग्रॅम, पाण्यात घालून, आणि पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढंच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, गाडी काढा आणि दवाखाना गाठा.

त्यांच्या भागात शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. पाणी भरायला ते एकटेच जातात, रात्री अकराला, केळीच्या बागेत. मी ग्लुकोजच्या दोन पुड्या पिशवीत न टाकता त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घातल्या आणि खिशाचं बटण लावून दिलं.